टाचेवर अडणारे मोजे

क्रोशाने विणलेला मोजा चवड्यावर सहज जातो, पण टाचेवरून चढत नाही, ही तुमची अडचण माझ्या चांगल्या ओळखीची. नवऱ्यासाठी विणलेला माझा पहिला मोजा शेवटी मोबाइलचं कव्हर झाला!

जाड सुई घेऊन फार फरक पडत नाही, वीण नुसती जाळीदार होते. क्रोशाची वीण मुळातच दोन सुयांच्या विणीपेक्षा कमी ताणते, म्हणून ताणण्याची सोय टाक्यातूनच करावी लागते. वरची पट्टी वेगळी, आडवी विणा. १२ साखळ्या घाला आणि परत परत मुके खांब (सिंगल क्रोशे) विणा, पण सुई टाक्याच्या माथ्यावरच्या दोन फासांपैकी फक्त मागच्या फासात. ओळींमध्ये उभ्या घड्या पडतात आणि पट्टी ॲकॉर्डियनसारखी उघडते-मिटते. टोकं जोडून कडेवरून टाके उचला आणि खाली गोल विणत जा. तेही मागच्याच फासात.

मोज्याचा घेर पायाच्या घेरापेक्षा साधारण दहा टक्के कमी धरा, २२ सेंमीला २०. पट्टी मात्र टाच आणि पायाचा वरचा उंचवटा मिळून तिरका घेर येतो, तेवढी ताणली गेली पाहिजे. टाच वळवण्याआधीच पायात घालून बघा, उसवायला कमी लागतं.

सुती दोरा नको, एकदा सैलावला की सहसा नीट परत येत नाही. ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन असलेला मोज्यांचा धागा बरा.

रंग कसे घ्यावेत म्हणाल, तर घरात प्रत्येकाचा चवडा वेगळ्या रंगाचा करते, उरलेल्या गुंड्यांतून. पोरांचा पाय वाढला की तेवढाच उसवून लांबवता येतो.