गच्चीवरची दुर्बीण आणि न सुटणारे छायाचित्र

मंजिरी सबनीस (बी-७०४), रात्री ९.१२
सर्वांना नमस्कार. शनिवारच्या आकाशदर्शनासाठी ३१ मुलांची नावे आली आहेत आणि आज सलग तिसऱ्या रात्री आपल्या गच्चीवरच्या दुर्बिणीला मृगातला तेजोमेघ सापडलेला नाही. संगणकाच्या पडद्यावर दर वेळी ‘प्लेट सॉल्व्ह अयशस्वी’ एवढेच उमटते. मी स्वतः पाऊण तास थंडीत उभी राहून आत्ता खाली आले आहे. कोजागरीला जी शोभा झाली ती पुन्हा होऊ नये, म्हणून ज्यांना यातले कळते त्यांनी कृपया आजच बोलावे, रविवारी नव्हे.

ओंकार (अ-२०३), ९.१६
काकू, मी अजून वरच आहे. देशपांडेसरांची ४०० मिलिमीटर फोकल लेंग्थची (नाभीय अंतराची) दुर्बीण आणि समीरदादाचा कॅमेरा जोडलेला आहे. नीना हा प्रोग्रॅम ५ सेकंदांचे छायाचित्र घेऊन ॲस्टॅपकडे देतो, आणि त्यातल्या ताऱ्यांची मांडणी सूचीशी जुळवून दुर्बीण नेमकी कुठे रोखली आहे हे ॲस्टॅपने सांगायचे असते. फोकस बाख्तिनॉव्ह मास्क (फोकस तपासण्यासाठी दुर्बिणीच्या तोंडावर लावायची खाचांची झडप) लावून दोनदा तपासला. ॲस्टॅपला दोनशेहून अधिक तारे दिसतात, पण सूचीत त्यांची जुळणी होत नाही.

नेनेकाका (अ-१०२), ९.१८
गच्चीवर सामाईक मीटरवरून वीज घेण्यास व्यवस्थापक समितीची लेखी परवानगी आहे काय, याचा खुलासा व्हावा.

शिरीष (सी-१०१), ९.१९
मृग तर मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो. मी ओट्यापाशी उभा राहून हात करतो, तुम्ही दुर्बीण तिकडे वळवा.

मंजिरी सबनीस (बी-७०४), ९.२०
शिरीषभाऊ, विनोदाला माझी हरकत नाही, मात्र ३१ पालकांना उत्तर मला द्यायचे आहे.

समीर (सी-५०३), ९.२४
मी मागच्या महिन्यात याच ग्रुपवर लिहिले होते की लिफ्टची मशीनरूम दुर्बिणीपासून जेमतेम १२ फुटांवर आहे. लिफ्ट सुरू झाली की स्लॅब थरथरतो, तारे लांबट उमटतात आणि लांबट तारे सॉफ्टवेअरला तारे वाटत नाहीत. त्या संदेशाला तेव्हा दोन अंगठे मिळाले होते, त्यातला एक माझ्या पत्नीचा होता.

सचिव (बी-३०१), ९.२७
समीर, लिफ्ट बंद ठेवता येणार नाही, हे तेव्हाही सांगितले होते. सातव्या मजल्यावर ज्येष्ठ नागरिक राहतात. गच्चीचा दिवा मात्र शनिवारी ८ ते १० बंद ठेवू.

देशपांडेसर (अ-६०१), ९.३५
ओंकारने पाठवलेले छायाचित्र मोठे करून पाहिले. तारे गोल आहेत. लिफ्टचा दोष असता तर काही चित्रे जुळली असती आणि काही नसती. तीन रात्रींत एकही जुळले नाही, याचा अर्थ कारण स्थिर आहे आणि ते बहुधा सेटिंगमध्ये आहे. ॲस्टॅप जवळजवळचे चार तारे घेतो. चार ताऱ्यांमध्ये सहा अंतरे असतात. सर्वांत मोठ्या अंतराने बाकीच्या पाचांना भागले की पाच गुणोत्तरे मिळतात. कॅमेरा कितीही तिरका बसवला तरी ती बदलत नाहीत, आणि सूचीतल्या चौकड्यांच्या गुणोत्तरांशी तीच ताडून पाहिली जातात. मात्र सूचीतले किती तारे या तुलनेसाठी घ्यायचे हे चित्रात आकाशाचा केवढा तुकडा आला आहे यावर ठरते, आणि तो आकडा आपण पुरवायचा असतो. तो चुकला तर इथल्या चौकड्या एका ताऱ्यांच्या आणि सूचीतल्या दुसऱ्याच ताऱ्यांच्या, असे होऊन बसते. (याला ‘प्लेट’ का म्हणतात असे परवा कुणीतरी विचारले होते. पूर्वी आकाशाची छायाचित्रे काचेच्या तबकड्यांवर घेत. हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने ताऱ्यांच्या जागतिक सूचीसाठी अशा तबकड्यांवर वर्षानुवर्षे काम केले आहे.)

नेनेकाका (अ-१०२), ९.३७
माझा प्रश्न वरती वाहून गेला म्हणून पुन्हा देत आहे. गच्चीवर सामाईक मीटरवरून वीज घेण्यास व्यवस्थापक समितीची लेखी परवानगी आहे काय, याचा खुलासा व्हावा.

ओंकार (अ-२०३), ९.४१
सर, फोकल लेंग्थ ४०० आणि पिक्सेल ३.७६ मायक्रॉन असेच भरलेले आहे. त्यावरून एका पिक्सेलला १.९४ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आणि ३००८ पिक्सेलच्या चौरस चित्राला सुमारे १.६ अंश येतात. ताऱ्यांची सूची डी-०५ आहे, प्रत्येक चौरस अंशाला पाचशे तारे असलेली. तीही काढून पुन्हा टाकली. शोधाची त्रिज्या ३० अंश आहे.

अनघा (बी-५०२), ९.४४
त्या मोठ्या होकायंत्राने ध्रुवतारा धरून का लावत नाही? आमच्या लहानपणी ध्रुवताऱ्यावरून सगळे सापडायचे.

ओंकार (अ-२०३), ९.४७
ताई, पुण्यातून ध्रुवतारा क्षितिजापासून फक्त साडेअठरा अंश वर असतो, कारण आपले अक्षांशच तेवढे आहेत, आणि नेमका तो भाग अ विंगच्या पाण्याच्या टाकीने झाकला आहे. ध्रुव न पाहता तीन ठिकाणची छायाचित्रे घेऊन दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाशी जुळवण्याची सोय नीनामध्ये आहे, पण तिलाही ही छायाचित्रे आधी सुटावी लागतात. म्हणजे सगळे इथेच अडले आहे.

शिरीष (सी-१०१), ९.४८
टाकी हलवण्याचा ठराव वार्षिक सभेत मांडावा. पार्किंगचा ठराव निकाली निघाला की लगेच, म्हणजे आमची नातवंडे आजोबा होतील तेव्हा.

सचिव (बी-३०१), ९.४९
पार्किंगचा विषय या ग्रुपवर काढायचा नाही असे ठरले आहे. बी विंगसमोर दोन गाड्या कुणाच्या उभ्या असतात हे सर्वांना माहीत आहे, म्हणून मी नाव घेत नाही.

देशपांडेसर (अ-६०१), ९.५६
ओंकार, एक कर. तेच छायाचित्र ॲस्ट्रोमेट्री डॉट नेटवर चढव. दुर्बिणीची माहिती न विचारताही ते चित्र सोडवू शकते, त्याला वेळ थोडा जास्त लागतो इतकेच. एका पिक्सेलला किती विकला येतात ते त्याच्याकडून घे आणि तुझ्या १.९४ शेजारी मांड. दुर्बिणीच्या नळीवर छापलेल्या आकड्यावर भरवसा ठेवू नकोस.

नेनेकाका (अ-१०२), १०.०१
कुणीही उत्तर दिलेले नाही याची नोंद घ्यावी. गच्चीवर सामाईक मीटरवरून वीज घेण्यास व्यवस्थापक समितीची लेखी परवानगी आहे काय, याचा खुलासा व्हावा.

समीर (सी-५०३), १०.०४
नेनेकाका, आदरपूर्वक सांगतो, सगळे साहित्य १२ व्होल्टवर चालते आणि मिळून ४ अँपिअर घेते, म्हणजे ४८ वॅट. चार तासांत ०.२ युनिटसुद्धा होत नाही. गच्चीचा १०० वॅटचा दिवा रात्रभर जळतो तेव्हा आपला हा प्रश्न कुठे असतो?

नेनेकाका (अ-१०२), १०.०६
मी युनिट विचारलेले नाहीत. परवानगी विचारली आहे.

ओंकार (अ-२०३), १०.१३
सर, सुटले! एका पिक्सेलला २.४२ विकला आले. २०६.२६५ गुणिले ३.७६ भागिले २.४२ म्हणजे फोकल लेंग्थ ३२० होते. ३२० म्हणजे ४०० च्या ०.८ पट. कॅमेऱ्याच्या पुढे फोकल रिड्यूसर, म्हणजे फोकल लेंग्थ कमी करून जास्त आकाश चौकटीत आणणारे भिंग, बसवलेला आहे! बाहेरून तो साध्या काळ्या नळीसारखा दिसतो, मला कळलेच नाही.

मंजिरी सबनीस (बी-७०४), १०.१५
तो कुणी बसवला, आणि आम्हाला का सांगितले नाही?

समीर (सी-५०३), १०.२१
मी बसवला. दिवाळीत देवयानी दीर्घिका चौकटीत मावत नव्हती म्हणून मी माझ्या पैशांनी रिड्यूसर आणला, सेटिंगमध्ये ३२० भरले आणि नळीवर पांढरी पट्टी चिकटवून त्यावरही ३२० लिहिले. नंतर गच्चीच्या साफसफाईत ‘चिकटपट्ट्या वाईट दिसतात’ म्हणून ती पट्टी कुणीतरी काढली. सेटिंगमधला आकडाही कुणीतरी ४०० केला. मी कुणाचे नाव घेत नाही, सचिवसाहेबांसारखेच.

देशपांडेसर (अ-६०१), १०.२६
आकडा मी बदलला. पडद्यावर ३२० पाहिले, दुर्बीण माझी असून ती ४०० ची आहे हे मला ठाऊक होते, म्हणून कुणीतरी चूक केली असे समजून मी ती ‘सुधारली’. तुला एक फोन करायला हवा होता. क्षमस्व, समीर.

समीर (सी-५०३), १०.२८
सर, क्षमा मागू नका. पट्टी पत्र्याची लावतो.

ओंकार (अ-२०३), १०.३९
३२० भरल्यावर ॲस्टॅपने चार सेकंदांत उत्तर दिले, पण आता दुसरीच भानगड निघाली आहे. मी दुर्बिणीला ५ तास ३५ मिनिटे विषुवांशाला (आकाशातले पूर्व-पश्चिम स्थान, ते तास-मिनिटांत मोजतात) जायला सांगितले होते आणि ती प्रत्यक्षात ५ तास ५ मिनिटांना उभी आहे. चौकटीतला ठळक तारा कुर्सा आहे, राजन्याच्या वायव्येला सुमारे साडेतीन अंशांवरचा. क्रांती (उत्तर-दक्षिण स्थान) मात्र बरोबर आहे. बरोबर अर्ध्या तासाची चूक कशी झाली असेल?

देशपांडेसर (अ-६०१), १०.४३
माउंटच्या (दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीच्या) हँडसेटमध्ये टाइम झोन पाहा. माझ्या मते तिथे ५ भरलेले असणार आणि हवे आहेत साडेपाच. अर्ध्या तासात पृथ्वी साडेसात अंश फिरते, तेवढीच दुर्बीण पश्चिमेला सरकली आहे. ही चूक ३० अंशांच्या शोधात सामावून जात होती, म्हणून जुळणी तिच्यामुळे अडली नव्हती. आणि चित्रच सुटत नसल्यामुळे ती दिसतही नव्हती.

ओंकार (अ-२०३), १०.५२
पाचच होते. बदलले, पुन्हा छायाचित्र घेतले, त्यातले खरे स्थान माउंटला कळवले (सिंक केले), आणि तेजोमेघ चौकटीच्या मधोमध आला आहे. फोटो खाली देत आहे. नीनामध्ये रिड्यूसरसह आणि रिड्यूसरशिवाय अशी दोन वेगळी प्रोफाइल करून ठेवली आहेत, तेव्हा कृपया कुणीही आतला आकडा बदलू नये, प्रोफाइल बदलावे.

मंजिरी सबनीस (बी-७०४), १०.५४
फार सुंदर. ओंकार, आता खाली ये, तुझी आई दोनदा विचारून गेली.

अनघा (बी-५०२), १०.५५
मुलांना हा गुलाबी रंग डोळ्यांनी दिसेल ना?

देशपांडेसर (अ-६०१), १०.५८
नाही. नुसत्या डोळ्यांना तो राखाडी धुरकट पट्ट्यासारखा दिसतो. रंग कॅमेरा दाखवतो. हे पालकांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

सचिव (बी-३०१), ११.०४
नेनेसाहेब, परवानगीचे पत्र उद्या सकाळी सूचना फलकावर लावतो, तारीख उद्याचीच असेल. तसेच गच्चीवरच्या पंपाने हादरे बसू नयेत म्हणून शनिवारी पंप रात्री ८ ऐवजी साडेदहाला सुरू होईल. बी विंगच्या वरच्या मजल्यांनी पाणी आधी भरून ठेवावे.

अनघा (बी-५०२), ११.०५
बी विंगला कुणी विचारले का?