जैसलमेरला रुईवर दिसलेला रंगीत नाकतोडा कुठला? टोळ नाही ना?

वाटसरू: सप्टेंबरात जैसलमेरला गेलो होतो तेव्हा रस्त्याकडेला रुईच्या झुडपावर हा बसलेला दिसला. चांगला बोटाएवढा, अंगावर पिवळे आणि निळसर हिरवे पट्टे, पंख हिरवे आणि त्यावर पिवळी जाळी. जवळ गेलो तरी ढिम्म हलला नाही. शेजारच्या फांदीवर पंख न फुटलेलं पिल्लू होतं, ते चिमटीत धरलं तर त्यानं सरळ शर्टावर पिचकारी मारली!! ड्रायव्हर म्हणाला टोळ आहे. २०२० ला टोळधाड आली ती हीच का? आणि हा फक्त वाळवंटातच असतो का?

माळावरचा: टोळ नाही हो. हा पोएकिलोसेरस पिक्टस, इंग्रजीत पेंटेड ग्रासहॉपर. रुईवर होता म्हणालात तिथेच अर्धी ओळख पटली, आणि पिल्लाच्या पिचकारीनं उरलेली. पिल्लं फिकट पिवळी-हिरवी असतात, अंगावर काळे-लाल ठिपके, आणि डिवचलं की पाठीवरून चिळकांडी उडवतात. रुईचा चीक विषारी, तो खाऊन हे पण बेचव होतात, म्हणून असे भडक कपडे घालून निवांत बसतात, पळायची गरजच नाही. वाळवंटातच असं काही नाही, भारत-पाकिस्तानातल्या कोरड्या भागात जिथे रुई तिथे बघायचा. आपल्या माळरानावरही दिसतो.

किडेवेडा: +१. फक्त ड्रायव्हरला फार हसू नका, टोळही थरच्या वाळवंटात असतोच की. पण एकटादुकटा असला तर मातकट-करडा, वाळूत बसला की पायाखाली येईपर्यंत कळत नाही. झुंडीतला कोवळा टोळ गुलाबी आणि अंडी घालायच्या वयाचा पिवळाधमक, पंख लांब त्यावर तपकिरी ठिपके, डोळ्यांवर उभ्या रेघा. निळा रंग कुठेच नाही! त्याचा पसारा पश्चिम आफ्रिकेपासून भारतापर्यंत, टोळधाड नसते त्या शांत काळात सुद्धा १.६ कोटी चौ.किमी. वारा मिळाला तर झुंड दिवसात १००-१५० किमी जाते, २०२० च्या मे महिन्यात अमरावती-नागपूरपर्यंत आलीच होती ना.

वाटसरू: धन्यवाद दोघांना. आता फोटो झूम करून बघितले, डोळ्यांवर रेघा नाहीत. एका फोटोत पंख अर्धवट उघडलेत, आतून फिकट लाल दिसतायत, हे पण जुळतं का?

माळावरचा: जुळतं, मागचे पंख लालसरच असतात. पुढच्या वेळी पिल्लू लांबूनच बघा 😄