'चेहऱ्याची असममिती' गावात कशी विचारायची?

सेलूकर : प्रौढ स्त्री-पुरुषांच्या चेहऱ्याच्या हाडांची डावी-उजवी बाजू किती वेगळी आहे, म्हणजे असममिती, ते मोजायचं आहे. प्रश्नावलीत 'विषमता' लिहिलं की लोक जमीन-पैशाचं समजतात. 'वाकडेपणा' चालेल का?

वऱ्हाडी : नको भाऊ. आपल्याकडे 'तोंड वाकडं झालं' म्हंजे लकवा. लकव्यात नस जाते, हाड जागच्या जागी असतं. म्हणजे लकवेवाला 'हो' म्हणणार आन् हनुवटी सरकलेला 'नाही'. 'हनुवटी एका अंगाला गेली का?' असं विचारा. खर्ऱ्याचा तोबरा असला की गाल फुगतो, म्हणून आधी चूळ भरायला लावा.

दातपारखी : अहवालात 'असममिती'च ठेवा. मोजताना मात्र गाल-ओठ सोडून हाड धरा, म्हणजे समोरून काढलेला सेफॅलोग्राम (डोकं स्थिर धरून काढलेला एक्स-रे). डोळ्यांच्या खोबणीच्या बाहेरच्या कडेला कपाळाचं नि गालाचं हाड सांधतं. ते दोन सांधे रेषेनं जोडा. क्रिस्टा गॅलीतून (कवटीच्या तळाशी मधोमध असलेला हाडाचा उंचवटा) त्या रेषेवर लंब टाका, ती मध्यरेषा. तिच्यापासून जबड्याचे दोन्ही कोन किती दूर आहेत आणि हनुवटीचा तळबिंदू किती सरकला, ते घ्या.

कोनांच्या अंतरांचा फरक भागिले बेरीज, गुणिले १००. उजवं ४८ मिमी, डावं ४५ मिमी असेल तर ३.२ टक्के. नुसते मिलिमीटर लिहू नका. पुरुषांची कवटी सरासरीनं मोठी, त्यामुळे त्यांचा फरक उगाच जास्त दिसतो.

सेलूकर : चूक कुठं होते, सर?

दातपारखी : सगळ्यात जास्त डोकं वळल्यानं. एक कान दुसऱ्यापेक्षा पुढे असला तर डोकं धरायला यंत्राच्या कानात घालायच्या दांड्याच डोकं वळवतात. खोबणीच्या बाहेरच्या कडेपासून कवटीच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्हीकडे ताडून बघा. दुसरं, एखादी दाढ आडवी येत असेल तर चावताना जबडा बाजूला घसरतो. हाड सरळ असूनही हनुवटी सरकलेली दिसते. तोंड मिटताना दात पहिल्यांदा टेकतात ती स्थितीही तपासा. आणि तीच फिल्म दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा. दोन मोजण्यांतला फरक डाव्या-उजव्या फरकाइतकाच निघाला तर ते माप टाकून द्या.

वऱ्हाडी : 'फ्लक्चुएटिंग' असममितीला 'अस्थिर' म्हणतात, ते बरोबर?

दातपारखी : मला पटत नाही. 'अस्थिर' वाचून वाटतं, एकाच माणसाचं हाड रोज बदलतं. अर्थ असा : कुणाचं उजवं मोठं, कुणाचं डावं, आणि सगळ्यांच्या डाव्या-उजव्या फरकाची सरासरी शून्याजवळ. 'अनियत असममिती' म्हणा. बहुतेकांची एकच बाजू मोठी निघाली तर 'दिशिक'. जीवशास्त्रज्ञ व्हॅन व्हालेन यांनी १९६२ मध्ये हा भेद मांडला. स्त्री-पुरुषांचे आकडे एकत्र करण्याआधी दोन्ही गटांत तो वेगवेगळा तपासा.