पुढच्याचा टेललॅम्प बघत घाट चढायचा, तर जायचं कशाला?

तिसरा_गिअर

शिव्या पडणार हे गृहीत धरूनच लिहितोय. उंच डोंगरातल्या रस्त्यांवर बाईक चालवणं म्हणजे टूर बुक करणं, असं आता होऊन बसलंय. पुढे लीडर, मागे मेकॅनिकची गाडी. बाईक त्यांची, सामान त्यांच्या गाडीत, मुक्काम त्यांनी ठरवलेला आणि चहाला कुठे थांबायचं तेही त्यांनीच. आपण काय करायचं? पुढच्याचा टेललॅम्प बघायचा.

मी दोन्ही करून बसलोय. मनाली-लेह एकदा टूरबरोबर, एकदा दोन मित्रांबरोबर. टूरमधलं मला मुख्यतः एक लाल जॅकेट आठवतं, तेही पाठीमागून. बारालाचा खिंड कशी होती ते सांगता येणार नाही. आधीच्या थांब्यावर फोटो काढताना मागे राहिलो आणि मग गट गाठायच्या नादात नको त्या वेगाने ती पार केली. दुसऱ्या खेपेला क्लच वायर तुटली. सुटी वायर होती, बदलायला कुणालाच येत नव्हती. दीड तास लागला, तिघांचे हात काळे. तो दीड तास मला मिनिटामिनिटाने आठवतो, समोरच्या डोंगराच्या रंगासकट.

वाट चुकायची भीती म्हणाल, तर रस्ता एकच आहे हो. चुकणार कुठे? नकाशा फोनमध्ये उतरवून घेतला की झालं. कुठे थांबायचं, कधी मागे फिरायचं हे ठरवण्यातच तर सगळी मजा आहे. तीच दुसऱ्याला देऊन टाकायची आणि वर पैसेही द्यायचे?

शेवटची_बाईक

मी अशा टूरवर स्वीप असतो, म्हणजे सगळ्यांच्या मागे. त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे हे आधीच कबूल करतो.

तुम्हाला ते लाल जॅकेट गाठायला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. नीट चालवलेल्या टूरमध्ये पहिल्या सकाळी पहिली गोष्ट हीच सांगतात की पुढच्याला गाठायचं नाही. त्यासाठी साधी पद्धत आहे. फाटा आला की लीडर आपल्या मागच्या दुसऱ्या बाईकला तिथे उभं करतो. तो खुणेचा माणूस. सगळे त्याच्यासमोरून वळतात, शेवटी मी येतो, आणि मी दिसलो की तो माझ्यापुढे निघतो. मधला माणूस अर्धा तास मागे राहिला तरी चुकत नाही. पुढचा दिसायची गरजच राहत नाही.

आता गटाची एक खोड. लीडर वळणातून बाहेर पडून जरा वेग घेतो, तेव्हा दहावा अजून वळणात असतो. अंतर वाढलेलं बघून तो घाबरतो, अॅक्सिलरेटर पिळतो. रबर ताणून सोडावं तसं होतं. म्हणून लीडर साठच्या वर जात नसतानाही शेवटचे ऐंशीने पळत असतात. मागून हे मी रोज बघतो. उपाय म्हणून सगळ्यात सावकाश चालवणाऱ्याला आम्ही लीडरच्या लगेच मागे ठेवतो. त्याचा अपमान होतो, पण पोचतो.

तिसरा_गिअर

पद्धत छान आहे. आमच्या टूरला नव्हती. १४ बाईक, एक लीडर आणि स्वीप म्हणजे गाडीत झोपलेला मेकॅनिक.

नुसतंच_वाचतोय

खुर्ची ओढून बसलोय. चालू द्या.

विरळ_हवा

मी डॉक्टर आहे, बाईकही चालवते. तुमची दोघांची चर्चा रस्त्यावर अडकलीय. त्या उंचीवर माणूस रस्त्यापेक्षा हवेने जास्त आजारी पडतो.

मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २,०५० मीटरवर. लेहच्या वाटेवरचं सरचू सुमारे ४,३००. एका दिवसात मनालीहून निघून सरचूला झोपायचं म्हणजे झोपण्याची उंची एकदम सव्वादोन हजार मीटरने वाढवायची. सर्वसाधारण नियम असा की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला आणि रोहतांग खिंडीवर जाणारा वेळ वाचला. छान झालं. पण तो वाचलेला वेळ लोक सरचूच्या बऱ्याच अलीकडे, खाली असलेल्या जिस्पाला थांबायच्या ऐवजी त्याच दिवशी आणखी वर चढायला वापरतात. रस्ता जितका चांगला, तितका माणूस लवकर आजारी. श्रीनगरकडून गेलं तर कारगिल सुमारे २,७०० आणि लेह ३,५००, चढ बराच बेताचा. तरी मनालीकडून चढणाऱ्या टूर भरपूर.

तिसरा_गिअर, "मागे कधी फिरायचं हे मी ठरवणार" हे तुमचं वाक्य मला खटकतं ते यामुळे. मेंदूला सूज यायला लागली की सगळ्यात आधी जाते ती ठरवण्याचीच शक्ती. पेशंट चिडतो, हट्ट करतो, "मी ठीक आहे" म्हणतो. त्याला टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चालायला सांगा, तोल जातो. फुप्फुसात पाणी होत असेल तर बसल्या जागी धाप लागते, कोरडा खोकला येतो. दोन्हींवर खरा उपाय खाली उतरणं हाच, आणि तोही लगेच, रात्र काढून नाही. औषधं आणि ऑक्सिजन उतरेपर्यंतचा आधार. लोक हँडलला बांधून नेतात ती स्प्रेच्या डब्यासारखी ऑक्सिजनची नळकांडी काही मिनिटांत संपतात. त्यांच्या जिवावर वर थांबू नका.

कुणीतरी आपल्याकडे बाहेरून बघणारं हवं. तिघे मित्र एकाच दिवशी, एकाच वेगाने वर चढलेले असतात. कोण कुणाकडे बघणार?

सायलेन्सर_गरम

डॉक्टर, सगळं मान्य. मग सांगा, त्या सरचूच्या मुक्कामाचं बुकिंग कोण करतं? आम्ही सुटे लोक की टूरवाले?

टूर विकल्या जातात त्या उंचीवर. लेहजवळच्या खारदुंग ला (ला म्हणजे खिंड) इथल्या १८,३८० फुटांच्या पाटीसोबत फोटो काढायला वर्षानुवर्षं रांग लागली. जीपीएसने मोजलं तर भरतात १७,५८२. मग उमलिंग लाचा १९,०२४ फुटांवरचा रस्ता झाला आणि टूरच्या पत्रकातला आकडा बदलला. झोपायची उंची किती, हे कुठल्या पत्रकात मोठ्या अक्षरात बघितलंय का?

शिवाय सुट्टी नऊ दिवसांची, टूर नऊ दिवसांची, त्यात आजारी पडायला एकही दिवस नाही. बारा जणांतला एक सकाळी डोकं धरून बसला तर गट थांबतो का? त्याची बाईक टेम्पोत चढते, तो पुढच्या सीटवर बसतो आणि पुढच्या खिंडीकडे, म्हणजे आणखी वर, रवाना होतो. एकटा असतो तर निदान पडून राहिला असता. आणि गाइडचं म्हणाल तर तो सीझनभर तिथेच, त्याला काही होत नाही. म्हणूनच त्याला तुमची डोकेदुखी किरकोळ वाटते.

विरळ_हवा

टेम्पोत घालून वर नेणं हा गुन्हाच आहे, त्याला माझा पाठिंबा नाही. पण "पडून राहिला असता" हे तितकंच धोक्याचं. त्याच उंचीवर एकट्याने पडून राहायचं नसतं.

कार्ब्युरेटर_काका

माणसांचं झालं, आता यंत्राचं ऐका. ५,००० मीटरवर हवेची घनता खालच्यापेक्षा साधारण ४० टक्के कमी. इंजिनाची ताकदही जवळपास तितकीच गेलेली. इंजेक्शनवाल्या गाड्या दाब मोजून पेट्रोल कमी करतात, पण गेलेली ताकद काही परत देत नाहीत. जुन्या गाड्यांतल्या कार्ब्युरेटरला, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाला, कळतच नाही आपण कुठे आलोय. तो खालच्याइतकंच पेट्रोल ओततो, मग काळा धूर, प्लग काजळलेला, गाडी खोकतेय. लहान जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची तोटी, घातला की सुधारते. खाली उतरल्यावर तो परत बदलायला विसरलात, तर इंजिन तापवून बसाल.

टायरचं कुणी सांगत नाही. खाली भरलेली हवा ५,००० मीटरवर दाब मोजायच्या गेजवर ६-७ पीएसआय जास्त दिसते, कारण बाहेरचा दाब जवळपास निम्मा झालेला असतो. थंडीने त्यातली थोडी परत उतरते. खडीवर मागचं चाक उड्या मारत असेल तर आधी गेज लावा, मग सस्पेन्शनला नावं ठेवा.

आणि उतार! टूरच्या बाईकवाल्यांची ही सवय मी खूप पाहिली: गिअर वरचा आणि पाय मागच्या ब्रेकवर, अखंड. जुन्या डॉट ४ ब्रेक ऑइलने हवेतलं पाणी प्यायलेलं असतं. ताजं किमान २३० अंशांना उकळतं, पाणी प्यायलेलं १५५ च्या आसपासही उकळू शकतं. वाफ झाली की पेडल दाबाल आणि ते नुसतंच खाली जाईल. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिनाला धरू द्या. मागे मेकॅनिकची गाडी आहे म्हटलं की माणूस गाडीचा आवाज ऐकायचं बंद करतो. म्हणून माझं मत तिसरा_गिअरच्या बाजूने. ज्याला क्लच वायर बदलता येत नाही त्याने आधी ती पार्किंगमध्ये बदलून बघावी.

मागची_सीट

नाव जुनं आहे, आता पुढच्या सीटवर असते.

तिसरा_गिअर, तुम्हाला दोन मित्र मिळाले, तेही त्याच तारखांना सुट्टी असलेले. मला नाही मिळाले. नवऱ्याला बाईकचा कंटाळा, मैत्रिणी चालवत नाहीत, आणि त्या रस्त्यावर पहिल्याच वेळी एकटीने जायची माझी तयारी नव्हती. माझ्यापुढे टूर किंवा मित्र असा पर्यायच नव्हता. टूर किंवा घरी, इतकंच. "पैसे देऊन मजा गमावली" म्हणताना हे ध्यानात असू द्या.

आता नाल्याची गोष्ट. दुपारी तीनच्या सुमारास वितळलेल्या बर्फाचं पाणी रस्त्यावरून वाहत होतं, आवाज लांबून येत होता. आमच्या लीडरने बूट काढले, काठी घेऊन मध्यापर्यंत चालत गेला, परत आला आणि म्हणाला, आज नाही. गटात नुसती धुसफूस. पलीकडून एक सुटी बाईक पार होऊन आली तेव्हा तर विचारूच नका, "बघा, तो आला की!" लीडर ढिम्म. मागे फिरून आधीच्या वस्तीत राहिलो. पहाटे गेलो तर पाणी अर्धंही नव्हतं, रात्रीच्या थंडीने वितळणं थांबलेलं. पहिला गिअर, अर्धा क्लच, नजर पलीकडच्या काठावर, पार. मी एकटी असते तर तीन वाजता घातली असती. का? मागे फिरायची लाज वाटली असती म्हणून.

सायलेन्सर_गरम

चांगला लीडर मिळाला, नशीब तुमचं. नशिबावर पद्धत ठरत नाही.

मागची_सीट

मग सुट्या लोकांचा तो पलीकडून आलेला वीर कशावर आला? पद्धतीवर?

उतारावरचा

थोडं वेगळं. गाइड म्हणजे वाट दाखवणारा इतकंच धरून चाललोय आपण. शिकवणाराही असतो. आल्प्समधल्या स्टेल्व्हियो खिंडीला प्राटो गावाच्या बाजूने ४८ केसाच्या पिनेसारखी वळणं, प्रत्येकाला नंबर. खिंड २,७५७ मीटरच, त्यामुळे हवेचा फारसा प्रश्न नाही. मी शिकलो ते तिथल्या गाइडकडून: वळणात शिरायला बाहेरची कड धर, आत झुकायची घाई करू नकोस, मान वळव आणि जिथे जायचंय तिथे बघ. दरीकडे बघशील तर दरीत जाशील. पहिल्या दहा वळणांत तो माझ्या मागे होता, पुढे नव्हता. टेललॅम्प बघायचा प्रश्नच आला नाही. असा गाइड असेल तर मी दरवर्षी जाईन.

तिसरा_गिअर

मागची_सीट, तुमचा मुद्दा घेतला, माझ्या डोक्यात तो नव्हता. डॉक्टर, तुमचाही घेतला, पण अर्धाच. बाहेरून बघणारा हवा, बरोबर. पण ज्याचं पुढचं बुकिंग ठरलेलं आहे तो बाहेरचा कसा? नाल्याशी थांबणारा लीडर मला चालेल. माझी तक्रार आहे ती न थांबणाऱ्यांबद्दल, आणि बुक करताना दोन्ही सारखेच दिसतात.

शेवटची_बाईक, सरळ विचारतो. तुमच्या इतक्या टूरमध्ये लीडरने गट मागे फिरवला असं किती वेळा झालं?

शेवटची_बाईक

दोनदा.

एकदा खिंडीच्या आधी रस्त्यावर पातळ बर्फ होता, काचेसारखा, दिसत नाही असा. पहिल्या दोन बाईक आडव्या झाल्या, कुणाला लागलं नाही, आणि लीडरने फिरवलं. कुणी काही बोललं नाही, कारण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्यांदा एका मुलाला सकाळी चालताना झोक जायला लागला. मी त्याला घेऊन खाली उतरलो, एकच गाडी होती ती आमच्याबरोबर आली, आणि गाडी नाही म्हणून लीडरने बाकीच्यांचीही पुढची खिंड रद्द केली. तो मुलगा संध्याकाळपर्यंत खाली बरा झाला, जेवला, हसायला लागला. तो बरा दिसल्यावर गटातल्या निम्म्या लोकांनी त्या दिवसाचे पैसे परत मागितले.

तेव्हापासून आम्ही कार्यक्रमात एक दिवस रिकामा ठेवतो. दहा दिवसांची टूर नऊ दिवसांच्या टूरशेजारी महाग दिसते. भरायला वेळ लागतो.

तिसरा_गिअर

त्या निम्म्यांत मी असतो. खोटं कशाला बोलू.

पुढच्या वर्षीही आम्ही तिघेच जाणार. जिस्पाला दोन रात्री राहणार, डॉक्टर. आणि ती खुणेच्या माणसाची पद्धत करून बघणार.

कार्ब्युरेटर_काका

रस्ता एकच आहे म्हणाला होतात ना? मग खुणेचा माणूस उभा कुठे करणार?