पडवीतली उपासना पुरे झाली, आता चर्च बांधावं का?

खाडीपलीकडचा: आमची मंडळी वीस-बावीस घरांची. रविवारची उपासना एका आजोबांच्या पडवीत होते. जुलैत पागोळ्या आत येतात, मग पेटीवर प्लास्टिक टाकून नुसत्या टाळांवर गीतं म्हणायची. आता एकाने रस्त्यालगतची चार गुंठे जागा देऊ केलीय आणि मुंबईकर पैसे पाठवायला तयार आहेत. पाळक महिन्यातून दोनदाच येतात, तरी माझं मत बांधावं असंच आहे. पावसासाठी नव्हे. घर कुणाचं तरी असतं. त्या घराशी बांधावरून ज्यांचं बिनसलं, त्यांनी उपासनेला येणंही सोडलंय. शिवाय दर रविवारी सगळ्यांचा चहा त्या घरची सून करते आणि आपण त्याला 'सेवा' म्हणून मोकळे होतो.

वेंगुर्लेकरीण: दादा, अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी मंडळी जमायची. बायबलातलं पौलाचं रोमकरांस पत्र, १६:५ काढून बघा. तिथे कुणी चिरा रचला नव्हता. सुनेचा त्रास खरा आहे, पण त्यावर उपाय चहा बंद करणं, इमारत नव्हे! आमच्याकडे अमेरिकन मिशनने इस्पितळ काढलं, त्याचा उपयोग सगळ्या जातिधर्मांच्या लोकांना झाला. तुमच्या पैशातून आधी मुलींच्या नर्सिंगची फी भरा. मुंबईकर मे महिन्यात आणि नाताळात फोटो काढायला येतील, बाकी वर्षभर कुलूप.

खाडीपलीकडचा: फीसाठी मागितले तर तेच मुंबईकर फोन उचलत नाहीत, ताई. लोक भिंतीला पैसे देतात, कारण भिंत दिसते. मलाही ते आवडत नाही, पण आहे ते असं आहे. आणि मांडवाला आजोबांचं अंगण आहे म्हणून बरं, एरवी लग्नासाठी दुसऱ्या गावातल्या चर्चची तारीख मिळेपर्यंत वाट बघावी लागते.

सातबारावाला: 'देऊ केली' म्हणजे नक्की काय? उतारा काढलात का? कोकणात चार गुंठ्यांवर अठरा सहहिस्सेदार निघतात, त्यातले निम्मे लालबाग-परळला. एकाने दिलेला शब्द बाकीच्यांवर बंधनकारक नाही. वाटप आणि नोंदणीकृत बक्षीसपत्र झाल्याशिवाय पाया खणू नका. शेतजमीन असेल तर १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं: शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही, बक्षीस म्हणूनही नाही. खाडी जवळ असेल तर सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचंही बघा. आणि जागा पाळकांच्या किंवा कुणा वडीलधाऱ्यांच्या नावावर अजिबात नको. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली ट्रस्ट नोंदवा. मग धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय ती कुणाला परस्पर विकता येत नाही.

कुडाळचो गाववालो: बांधूक सगळे येतत, कवलां परतूक कोण येता? आमच्या वाडीतला देऊळ मुंबईच्या मंडळान नवीन केल्यानी. कवलां काढून स्लॅब घातलो. दुसऱ्या पावसात गळाक लागलो, आता स्लॅबवर पत्र्याची शेड. कवलांर माकडां नाचतत ह्यां खरां, पण फुटलेला कवल गावातलो कोणय बदलता. स्लॅबाक कंत्राटदार लागता.

वेंगुर्लेकरीण: मी हेच म्हणतेय! देऊळ असो की चर्च, दुरुस्तीची पावती कुणी फाडत नाही.

खाडीपलीकडचा: गाववाल्यांचं पटलं. चिरा आणि कौलंच करू, आणि मुंबईकरांकडे बांधकामाआधी दुरुस्तीची ठेव मागू. नाही म्हणाले तर थांबू. पण वेंगुर्ल्याच्या ताईंचं सगळंच पटत नाही. प्रिस्किल्लाच्या घरी पुढच्या पिढीत काय झालं, ते पौलाने लिहिलेलं नाही. आमचे आजोबा थकलेत. मुलगा घर होमस्टेला द्यायचं बोलतोय. मग रविवारी आम्ही कुठे बसायचं?

वेंगुर्लेकरीण: शाळेची खोली मागा, समाजमंदिर मागा. माझा विरोध कायम आहे.

सातबारावाला: सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या हातात येईपर्यंत कुणाचे पैसे घेऊ नका. नंतरही ट्रस्टच्या बँक खात्यातच घ्या, कुणाच्या फोनवर नको.