मदत हवी आहे: सातवीतला मुलगा शाळेत मारामाऱ्या करतोय

भांडुपची_आई: महिन्याभरात तिसऱ्यांदा शाळेतून फोन आला, काल तर म्हणाल्या असंच चाललं तर दाखला घेऊन जा. घरी तो असा अजिबात नाहीये हो, धाकटीला स्वतःच्या ताटातला पापड देतो. चांगला काउन्सेलर माहितीये का कुणाला? सोमवारी परत बोलावलंय, प्लीज लवकर सांगा.

मुलुंडकर: मोबाइल काढून घ्या. माझ्या पुतण्याचं सेम होतं, गेम बंद केला, पंधरा दिवसांत गार.

भांडुपची_आई: मोबाइल नाहीये त्याच्याकडे.

काळाचौकी_७८: आमच्या वेळी मास्तर दोन छड्या द्यायचे, विषय संपायचा.

बाई_परळ: दादा, छड्यांनी पोरं मारायलाच शिकतात. १९६१ चा मानसशास्त्रज्ञ बांडुराचा प्रयोग आम्हाला बीएडला होता, मोठ्यांना बाहुली बडवताना बघितलं की मुलंही तशीच बडवतात. ताई, दाखल्याला घाबरू नका, आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंत काढता येत नाही, अल्पसंख्याक शाळा नसेल तर. पण मारतो कोणाला, एकालाच? कधी? शाळा नवीन आहे का?

काळाचौकी_७८: मार खाऊन आम्ही काय गुंड झालो का?

मुलुंडकर: तुम्ही नसाल झालात, माझा भाऊ अजून वडिलांशी बोलत नाही.

ठाणेकर_काका: शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांबाला घाला. मोठ्यांची बॅच असते का हो तिथे? कंबर धरलीय.

भांडुपची_आई: तिन्ही वेळा एकच मुलगा, मधल्या सुट्टीनंतर. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली म्हणून जूनमध्ये शाळा बदलली.

बाई_परळ: अहो हे आधी सांगायचं ना! नव्या पोराला ग्रुपमध्ये घेत नाहीत, चिडवतात, मग साधा धक्का लागला तरी त्याला मुद्दाम मारलं असंच वाटतं. राग आवरणारा मेंदूचा भाग तर विशी उलटल्यावर पक्का होतो. का मारलंस विचारू नका, डबा कोणाबरोबर खातोस विचारा. काउन्सेलर हवाच असेल तर टेलीमानस १४४१६, सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, फुकट आहे.

भांडुपची_आई: विचारलं. जिन्यात एकटा बसतो. एकदा सुक्या बोंबलाची चटणी दिली होती, तेव्हापासून तो मुलगा रोज नाक धरून बोंबल्या म्हणतो. पोळी कुत्र्याला घालायचा, डबा रिकामा यायचा म्हणून मला कळलंच नाही. बाई, ते कलम कागदावर लिहून नेऊ का?

बाई_परळ: न्या, पण पर्समध्येच ठेवा. आधी डब्याचं बोला.