इंग्रजांच्या जुन्या नोटा धुऊन, इस्त्री करून विकणं बरोबर आहे का?

खानापूरकर: माझं मत सरळ आहे, जुनी नोट पाण्यात भिजवून वरनं इस्त्री फिरवायची आणि ‘कोरी’ म्हणून खपवायची ही फसवणूक आहे. नोट उजेडात तिरकी धरून बघा, घडी दाबली तरी तुटलेले तंतू दिसतात आणि कागदाचा कडकपणा गेलेला असतो. टाचणीची भोकंपण लगदा भरून बुजवतात! मला तर भोकंवाली, मागं शाईनं आकडा लिहिलेलीच नोट पाहिजे, आणि निपाणीच्या एखाद्या तंबाखू वखारीचा शिक्का असला तर मग विचारूच नका.

टिळकवाडी_संग्राहक: अजिबात पटलं नाही. शिक्का नि आकडा म्हणजे डागच की. 1917 ची एक रुपयाची नोट घ्या, पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली म्हणून काढलेली, तिच्यावर गब्बे, मॅकवॉटर्स, डेनिंग अशा वेगवेगळ्या सरकारी अधिकाऱ्यांच्या सह्या मिळतात. लोक सही बघतात आणि कंडिशन बघतात, तुमच्या वखारीचा शिक्का कोण बघतंय? पैसे घालणाऱ्याला स्वच्छ नोट हवी असते, त्यात चूक काय?

शहापूरची_सून: स्वच्छ केलीय म्हणून सांगून विकतंय कोण वो? आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या नोटांचं काय करणार? 1861 च्या कागदी चलनाच्या कायद्यानंतरच्या त्या नोटा एकाच बाजूला छापलेल्या, आणि पोस्टात चोरी होऊ नये म्हणून व्यापारी मधोमध कापून दोन अर्धे वेगवेगळे पाठवायचे, पोचल्यावर मागनं कागद चिकटवून जोडायचे. असली नोट पाण्यात टाकली की जोड सुटली, दोन तुकडे हातात! ती जोड म्हणजेच त्या व्यवहाराचा पुरावा आहे, तो धुऊन टाकायचा?

टिळकवाडी_संग्राहक: जोडलेल्या नोटेला हात लावू नये, हे मान्य. पण आपल्याकडचा पावसाळा बघा ना, खानापूर-लोंढा साईडला ट्रंकेतल्या नोटांना बुरशी धरते. नुसतं बघत बसायचं का?

खानापूरकर: बुरशी धरली तर आधी सावलीत पूर्ण वाळवा, मग मऊ ब्रशनं हलकं झटका, पाणी कशाला? आमच्या भागातल्या घरांत गोव्याच्या नोटापण सापडतात, बांको नासियोनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेच्या, रुपियाच्या, म्हणजे एस्कुदो हे पोर्तुगीज चलन तिथं यायच्या आधीच्या. त्या बऱ्याच जणांनी पीव्हीसीच्या स्वस्त अल्बममध्ये घालून ठेवल्यात आणि प्लास्टिकचा तेलकटपणा सुटून त्या चिकट व्हायला लागल्यात. पॉलिएस्टरची पाकिटं घ्या, आणि लॅमिनेशन तर कुणी करूच नका.

शहापूरची_सून: व्हय, लॅमिनेशन केलेली नोट म्हणजे कायमची गेलीच.

टिळकवाडी_संग्राहक: पाकिटाचं पटलं. पण ‘धुतलेली’ असं स्पष्ट सांगून कमी भावात विकली तर तुमची हरकत काय, हे अजून कळलं नाही.

खानापूरकर: सांगून विकली तर हरकत नाही, पण बिलावर लिहून द्यायचं. तोंडी सांगितलेलं पुढच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाही, तिसऱ्या हातात गेली की तीच नोट परत ‘कोरी’ होते.